उतारावरची कुरकुर

काशीराम भाटकराचा डावा कान आफ्रिकेच्या वाटेवर गेला आणि उजवा घरी आल्यावर सावकाश गेला. तरुणपणी तो आगबोटीवर इंजिनाच्या खोलीत तेलवाला होता. हातात तेलाची बुधली घेऊन फिरत्या लोखंडात हात घालायचा आणि कुठे तापलं, कुठे घासतंय ते बघायचं, हे त्याचं काम. त्या खोलीत माणसं एकमेकांशी बोलतच नसत, हातवारे करत. अशी वर्षंच्या वर्षं काढल्यावर कान शाबूत राहतील तर तो कान कसला!

पण कान जाताना सगळे आवाज एकदम नेत नाही. जाड आवाज ठेवतो, बारीक आवाज आधी उचलतो. काशीरामाला ढोल ऐकू यायचा, दार आपटलेलं ऐकू यायचं, समोरचा माणूस बोलला तर ओठ बघून निम्मं कळायचं. चिमण्या मात्र गेल्या. भांड्यावरच्या झाकणाचा आवाज गेला. एकदा सकाळी बायकोच्या, सगुणेच्या, बांगड्या वाजेनाशा झाल्या तेव्हा हिनं बांगड्या काढून ठेवल्या की काय म्हणून त्यानं दचकून तिच्या हातांकडे पाहिलं. बांगड्या जागच्या जागी होत्या. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

ही गोष्ट त्यानं कुणालाही कळू दिली नाही. कशी देणार? रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्याला, घराच्या पडवीला लागून माडाच्या झापांचा मांडव घालून तो मिस्त्रीकाम करायचा. सायकली, पाण्याचे पंप, कधी सर्व्हिस मोटारी. आणि त्याचं नाव झालं होतं तेच मुळी कानावर. बोटीवर शिकलेली एक युक्ती त्याच्याकडे होती. सागाची हातभर काठी यंत्राला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं, आणि कुठलं हाड दुखतंय ते सांगायचं. ‘काशीरामानं कान लावला की लोखंड कबुली देतं,’ असं लोक म्हणायचे. आता तो काठी कानाला लावायचा ती केवळ लोकांना दाखवायला. कुणी बघत नसलं की तेच टोक दातांत धरायचा, म्हणजे थरथर तरी कळायची. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण येणार, ह्या एका धास्तीनं त्या माणसाला इतकं लबाड केलं होतं. एरवी तो सरळ माणूस.

तिसाव्या सालानंतरची ही गोष्ट. गावात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक हरिश्चंद्र शेट्ये यांची. हरिशेट गूळ-तांदळाचे व्यापारी, तिशीतला उमदा माणूस, पण वेगाचा भारी शौक. फटफटी त्यांनी विलायतेला परत चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती आणि साहेबाकडे येण्याआधीही तिचे एकदोन संसार झालेले होते. हरिशेटच्या आईला, गोदाकाकींना, ती वैरीण वाटायची. ‘हा एक दिवस त्या रांडेवरून मरणार,’ म्हणत त्यांनी कितीदा डोळ्याला पदर लावला असेल. शेवटी त्यांनी आपला उपाय काढला. दर शनिवारी मारुतीचा शेंदूर तेलात कालवून आणायचा आणि फटफटीच्या पुढल्या भागाला थापायचा. पुढचं चाक ज्या दोन नळ्यांमध्ये बसतं त्याला मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. त्या नळ्या वर जिथे हँडलच्या मानेला जोडल्या होत्या, तिथे दिव्याच्या मागे काकींची जागा ठरलेली. बुटक्या बाई, एका हातानं हँडलवर भार टाकून उंच व्हायच्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं शेंदूर दाबायच्या. थरावर थर चढून तिथे आता लहानसा मारुतीच बसल्यासारखा दिसायचा.

मार्गशीर्षात एके दिवशी हरिशेट मांडवात आले आणि फटफटी टेकवून म्हणाले, “काशीराम, पुढून आवाज येतोय रे.”

“कसला?”

“एक टक्‌ टक्‌ करतो, नि एक कुरकुरतो. दोन हायत की एकच, तां तूच सांग.”

काशीरामानं पुढचं चाक ओंडक्यावर उचलून घेतलं. चाक हातानं फिरवलं, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. ते ठीक होतं. मग चाक खाली टेकवलं, पुढला ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हिसडली. टक्‌! जाड आवाज, त्याच्या कानाला आपलासा वाटणारा. हाताला झटकाही बसला. हँडलच्या मानेतले पोलादी छर्रे झिजून गेलेले. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं मान उघडली. उघडण्याआधी शेंदरावर कागद बांधला, त्याला तेलकट हात लागू नये म्हणून, आणि बोटं कपाळाला लावली. जुने छर्रे काढले, नवे घातले, चरबी भरली, नट आवळला. चिमट्याची प्रत्येक खीळ, प्रत्येक सांधा त्यानं फडक्यानं पुसून बघितला. कागद होता तेवढी जागा सोडून.

दुसऱ्या दिवशी हरिशेट चक्कर मारून आले. “टक्‌ गेला बघ. कुरकुर मात्र हाय. नीट बघ हां, उद्या कोल्हापूरला जायचां हाय गुळाचां बोलायला. येताना आंबा घाट उतरायचा हाय.”

“चला, मी मागं बसतो,” काशीराम म्हणाला.

दोघे मांडवीच्या उतारावरून खाली गेले. मध्येच हरिशेटनी मान वळवली, तोंडभर हसले. “हा बघ, आला! ऐकलास?”

काशीरामाच्या कानांत नुसता इंजिनाचा घुमारा आणि वारा. दुसरं काहीही नाही. एक शब्द बोलायचा होता, ‘नाही.’ तो जिभेवर आलाही होता.

“ऐकला,” तो म्हणाला. “मडगार्डाचा पत्रा हाय तो.”

झालं. एकदा पत्रा म्हटल्यावर पत्र्याचीच दुरुस्ती करणं आलं. त्यानं मडगार्डाखाली चामड्याच्या चकत्या घातल्या, सगळीकडे तेल सोडलं. संध्याकाळी हरिशेट पुन्हा चक्कर मारायला गेले, ह्या खेपेला घाईत होते म्हणून वरच्या सपाट रस्त्यानंच. परत आले ते खुशीत. “गेला रे आवाज! नक्की ना काशीराम?”

“नक्की,” काशीराम म्हणाला, आणि त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी हरिशेट निघाले. काशीराम अंगणात उभा. पुढ्यातून फटफटी गेली, हरिशेटनी हात केला, आणि पुढे रस्त्याच्या उताराला गाडी दिसेनाशी झाली. सगुणा बावीवरून घागर घेऊन येत होती. ती वाटेतच थांबली आणि रस्त्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. ती नेहमी अशीच, पुढ्यात येऊन बोलायची. आजवर त्याला तिची ती खोड वाटायची.

“अवो, ती रडतेय,” सगुणा म्हणाली.

“कोण?”

“फटफटी. रहाट सुकला की रडतो ना, तशी. कालपण तुमी दोघं उतरून गेलाव, तवापण रडत होती.”

“मग बोल्लीस का नाय?” काशीराम ओरडला.

सगुणेनं घागर खाली ठेवली. तिनं क्षणभर मान खाली घातली, आणि मग मुद्दाम वर केली, ओठ त्याला दिसावेत म्हणून. “काय बोलू? बोल्ले असते तर तुमाला ऐकायला येत नाय तां मला ठावक हाय, तां तुमाला कळलां असतां.”

काशीरामाला कुणीतरी भर बाजारात उघडं केल्यासारखं झालं. म्हणजे पुढ्यात येऊन बोलणं, जेवायला हाक न मारता हाताला धरून उठवणं, गिऱ्हाईक आलं की आधी आपणच बाहेर डोकावणं… हिला ठाऊक होतं. त्याला राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींना बाजूला ढकलून एक तिसरीच भीती वर आली.

“उतारावरच रडते?”

“उतारावरच. सपाटीवर गप असते.”

तो तिथेच दगडावर बसला. चाकात दोष असता तर तो सपाटीवरही बोलला असता. पत्रा असता तर खड्ड्याखड्ड्याला वाजला असता. नुसतं उतारावर कुरकुरायचं म्हणजे गाडीचा नि माणसाचा भार पुढे आला की कुरकुरायचं. तो भार झेलतो कोण? चिमटा. चिमट्याचं सगळं लोखंड आपण हातानं चाचपलं. सगळं? त्याच्या डोळ्यांपुढे कागद आला, सुतळीनं नीट बांधलेला. त्या एवढ्या जागेला त्यानं बोट लावलं नव्हतं. त्यानंच काय, साहेबानं गाडी विकल्यापासून कुणीही लावलं नसेल. देवाच्या शेंदराला पाना कोण लावतो?

“पालीला,” तो उठत म्हणाला. “घाटाच्या अलीकडे, पालीला चुलत्याकडे थांबतात ते. च्या घेतात.” काठी आणि पटाशी घेऊन तो मोटारस्टँडकडे धावत सुटला, आणि पैरण घालायची राहिली ते स्टँडवर पोचल्यावर ध्यानात आलं.

सदूची सर्व्हिस मोटार उभी होती, पण सदूची मोटार भरल्याशिवाय हलायची नाही हा नियम. काशीराम हातापाया पडला. सदूनं काहीतरी विचारलं, त्याला ते कळलं नाही, त्यानं नुसतीच मान हलवली आणि पुन्हा हात जोडले. हा माणूस असा उघड्या अंगानं आणि असल्या चेहऱ्यानं कधी कुणी पाहिला नव्हता. घरात कुणी गेलंय असं सदूला वाटलं असावं. त्यानं हँडल मारलं.

तो रस्ता काशीरामाला जन्मभर पुरला. वरचा कातळाचा सपाट सडा संपला की रस्ता उतरतो, वळतो, पुन्हा चढतो. दर उताराला तो बाहेर डोकं काढून खाली दरीत बघायचा. तांबड्या धुळीत एका चाकाची ओळ दिसत होती, तिच्यावर त्यानं नजर खिळवली होती. ओळ आहे तोवर माणूस आहे. एका उतारावर बैलगाडीच्या चाकोरीत ती ओळ मिटली आणि पुढच्याच वळणावर माणसं गोळा झालेली दिसली. सदूनं मोटार हळू केली. काशीरामानं डोळे मिटले. आपण ‘नक्की’ म्हटलं होतं. हरिशेटनी विचारलं होतं आणि आपण त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं. आता गोदाकाकींपुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

मोटारीतल्या शेजारच्या उतारूनं त्याला ढोसलं. एका गाडीवानाचं चाक निखळलं होतं, बैल बाजूला रवंथ करत उभे होते, आणि माणसं चाक चढवत होती. पुढे तांबड्या धुळीत ती ओळ पुन्हा सुरू झाली होती.

पालीच्या बाजारात मोटार शिरली तेव्हा हरिशेट चुलत्याच्या दुकानातून पान खात बाहेर येत होते. एक पाय त्यांनी फटफटीवर टाकलाही होता.

“हरिशेट, उतरा!”

“अरे, काशीराम? तू कसा इथं? नि असा?”

“उतरा आधी. चिमटा बघायचा हाय.”

“कालच बघितलास ना? आवाज गेला म्हणून तूच सांगितलंस. ऊन वाढायच्या आत मला घाट गाठायचाय रे.” हरिशेट हसून पुढे काहीतरी बोलले, मान वळवून, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. त्यांचा पाय गाडी सुरू करण्याच्या दांड्यावर गेला.

काशीरामानं हँडल दोन्ही हातांनी धरलं. “मला ऐकायला येत नाय, हरिशेट.”

बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही. अख्ख्या बाजारानं ते ऐकलं. तांदूळ मापणाऱ्याचा हात थांबला. सदू मोटारीतून उतरता उतरता तसाच राहिला.

“बारीक आवाज मला येतच नाय. कधीपासून येत नाय. काल मागं बसलो तवा मी काय पण ऐकलां नाय. पत्रा म्हटलां, तां आपलां उगाच म्हटलां.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. हरिशेटचा चेहरा तांबडाबुंद झाला. “मग नक्की म्हणालास तां कुणाच्या जिवावर?”

“तुमच्या,” काशीराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

हरिशेट उतरले. एवढं मात्र त्यांचं खरं, की ते उतरले. काशीरामानं त्यांना ब्रेक दाबून हँडलवर भार द्यायला सांगितलं आणि स्वतः रस्त्यात गुडघ्यांवर बसला. आता लपवायचं काय राहिलं होतं? त्यानं काठीचं टोक सगळ्यांदेखत दातांत धरलं. दुसरं टोक चाकाच्या आसाला लावलं. काही नाही. स्प्रिंगेला लावलं. काही नाही. मग शेंदराच्या गोळ्यावर टेकवलं. “दाबा!” हरिशेटनी भार दिला आणि काशीरामाच्या दाढेतून मस्तकापर्यंत एक सणक गेली. तो बघ्यांकडे वळला. “कुरकुरला?”

दोघातिघांनी माना हलवल्या. हसणारा आता हसत नव्हता.

काशीरामानं पटाशी काढली. तेवढ्यात एक म्हातारा पुढे झाला आणि त्यानं त्याचा हात धरला. “मारुतीचा शेंदूर हाय. लोखंड लावू नको त्याला.”

काशीरामानं हरिशेटकडे पाहिलं. हरिशेट शेंदराकडे बघत होते. इतका तडफदार माणूस, पण बोलताना चाचरला. “आईनं लावलेला हाय रे, काशीराम.”

काशीरामानं दुकानातून तांब्या मागून घेतला, हात धुतले, शेंदराला हात जोडले आणि पटाशी घातली. वर्षांवर्षांचे थर, खापरीसारखे तुकडे होऊन निघाले. दुकानदारानं ते खाली पडू नयेत म्हणून केळीचं पान पुढे धरलं. आत लोखंड दिसलं, आणि लोखंडाला वेढून गेलेली चीर. निम्मी चीर जुनी होती, गंजून काळी झालेली. निम्मी ताजी, लखलखीत. नळी डाव्या बाजूला बोटभर लोखंडावर तगून होती. काशीरामानं चाकाला पाय लावला आणि हँडल आपल्याकडे ओढलं. फार जोर लागला नाही. काडी मोडावी तशी नळी मोडली आणि फटफटीनं पुढे मान टाकली.

हरिशेट दुकानाच्या पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. पान तोंडात तसंच राहिलं होतं.

फटफटी बैलगाडीत घालून रत्नागिरीला आली, आणि तिच्या आधी बातमी आली. काशीराम बहिरा आहे हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं. त्याला जी धास्ती होती ती अगदीच खोटी नव्हती. एकदोन नेहमीची गिऱ्हाइकं त्या आठवड्यात दुसरीकडे गेली. सगुणेनं मांडवात पाट मांडून तांदूळ निवडायला बसायचं ठरवलं. कुणी सायकल घेऊन आलं की ती ऐकायची आणि कसा आवाज ते नवऱ्याला सांगायची, सुकल्या रहाटासारखा, फुटक्या घागरीसारखा. त्याला ते ताबडतोब कळायचं. तिच्याशी तो पहिले दोन दिवस धड बोलला नाही, हेही सांगायला हवं. माणूस इतक्या लवकर सुधारत नाही.

शनिवारी गोदाकाकी आल्या. हातात शेंदराची वाटी. चिमट्याला नवी नळी बसवून फटफटी मांडवातच उभी होती. काशीराम हातातलं काम टाकून खाली मान घालून उभा राहिला. देवाचा शेंदूर त्यानं खरवडला होता आणि त्याआधी त्यांच्या मुलाला खोटं सांगितलं होतं. म्हातारी कशासाठी बोलणार आणि किती, एवढाच प्रश्न होता.

काकी काहीतरी बोलल्या. हलक्या आवाजात. त्याला ऐकू आलं नाही. त्यानं सगुणेकडे बघितलं, सगुणा सांगायला उठली, पण काकींनी हातानंच तिला बसवलं. त्या त्याच्या उजव्या बाजूला आल्या, त्याचा खांदा धरून त्याला वाकवला आणि कानात ओरडून बोलल्या.

“मला ऐकू यायचां रे!”

काशीरामानं मान वळवून त्यांच्या ओठांकडे पाहिलं.

“दर शनिवारी शेंदूर लावताना विचारायची मी त्याला, माझा हरी धड परत येईल ना? नि हँडलवर हात दाबला की तो कुर्र करायचा. मला वाटायचां, कौल देतोय. होकार देतोय मला मारुती. मी आनंदात घरी जायची रे!”

आणि म्हातारी त्याच्या खांद्याला धरून रडायला लागली. वाटी तिरपी झाली, शेंदराचं तेल तिच्या लुगड्यावर सांडलं. सगुणेनं उठून वाटी धरली. बापड्या लोखंडानं सगळ्यांना सांगितलं होतं. हरिशेटना, सगुणेला, ह्या माउलीला. एकट्या त्याला ऐकू येत नव्हतं, आणि सगळे त्याच्या कानावर विसंबले होते.

थोड्या वेळानं काकींनी डोळे पुसले. वाटीकडे पाहिलं, फटफटीकडे पाहिलं. नव्या नळीपाशी बोट नेलं आणि भाजल्यासारखं मागे घेतलं.

“आता कुठं लावू रे?” त्या ओरडून म्हणाल्या.

काशीरामानं त्यांचा हात धरला, त्यांना गाडीच्या मागल्या अंगाला नेलं आणि बोट मागच्या मडगार्डावर टेकवून दिलं.

“हितं लावा, काकी. ह्याच्याखाली काय मोडलां तरी माणूस मरत नाय.”